घाट नसलेल्या मुलखातला घाट

पुण्यामुंबईकडचा माणूस जुनी मोटार विकत घ्यायला गेला की पहिला प्रश्न विचारतो, 'घाट चढते का?' आम्हां नागपूरकरांना हा प्रश्न कधी सुचत नाही. विशेषतः पूर्वेकडे, भंडाऱ्याच्या वाटेला लागले, की रस्ता परातीसारखा सपाट. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, मधूनच एखाद्या तलावाची पाळ, पाळीवर मोहाची चार झाडे, आणि पुन्हा बांध्या. जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसरकडे, अंबागडचा डोंगर आहे, गायमुखच्या टेकड्या आहेत. पण आम्हांला तिकडे जायचे नव्हते. आम्हांला जायचे होते दक्षिणेला, वैनगंगेच्या काठी, पवनीला. तेव्हा 'घाट' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, आणि पवनीचा घाट हाही घाटच, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. आले नाही. त्याचीच ही हकीकत.

आमची मोटार १९९८ सालची. छोटी, पांढरी, म्हणजे एके काळी पांढरी. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. आणि वयापेक्षाही माझा होता. गेली दोन वर्षे तिचा हातब्रेक नावापुरता उरला होता. दांडी ओढावी, 'कट्ट-कट्ट-कट्ट' असा भरघोस आवाज यावा, दांडी जवळजवळ सरळ उभी राहावी, आणि मोटारीने मात्र तिकडे ढुंकूनही पाहू नये! मी दोनदा नागपुरात एका मिस्त्रीकडून तो 'टाइट' करून घेतला. दोन्ही वेळा महिनाभर बरे वाटले, मग पुन्हा तेच. शेवटी मी नाद सोडला. गाडी उभी करायची, गिअरमध्ये टाकायची आणि किल्ली काढायची. सपाट गावात एवढ्याने भागते. सौभाग्यवती अधूनमधून म्हणायची, 'एकदा नीट दाखवा ना तो ब्रेक.' त्यावर 'अगं, आपल्याकडे उतार आहे कुठे?' हे माझे ठरलेले उत्तर.

पवनीला जायचे निमित्त मावशींचे. या सौभाग्यवतीच्या मावशी. वय चौऱ्याऐंशी. माहेर पवनीचे, लग्न होऊन नागपुरास आल्या त्याला साठ वर्षे उलटली. माहेरचे घर कधीच विकले गेले होते, भाऊ गेले, पण दिवाळी झाली की त्यांचे सुरू व्हायचे, 'एकदा गंगा दाखवा रे कोणी!' गंगा म्हणजे वैनगंगा. पवनीकर तिला दुसरे नाव लावीत नाहीत. गेल्या मार्गशीर्षात त्यांनी फारच धरले. गुडघ्यांनी राजीनामा दिलेला, दोन पायऱ्या उतरवत नाहीत. मी म्हटले, 'मावशी, मोटार थेट घाटाच्या तोंडाशी नेऊन उभी करीन. काचेतून दर्शन घ्या.' असा मी मोठा दाता!

वास्तविक नागपुराहून पवनीला उमरेड-भिवापूर हा जवळचा रस्ता. पण मावशींना भंडाऱ्याहून पितळेचा तांब्या घ्यायचा होता. 'पितळ घ्यावे तर भंडाऱ्याचे' ही त्या पिढीची श्रद्धा. म्हणून आम्ही लांबच्या वाटेने, पूर्वीच्या ६ क्रमांकाच्या आणि आता ५३ क्रमांकाच्या हमरस्त्याने, साठेक किलोमीटर जाऊन भंडाऱ्यात शिरलो. खांब तलाव पाहिला, बाजारात गेलो, मावशींनी नऊ तांबे वाजवून पाहिले आणि दहावा घेतला. भंडाऱ्याच्या पलीकडे गडेगावला ट्रकच्या गिअरपेट्या बनवणारा अशोक लेलँडचा कारखाना आहे, ही माहिती मी नातवाला पुरवली. नातू नऊ वर्षांचा. त्याला गिअर या विषयात भलतीच गोडी. ही गोडी पुढे कामास आली. पण ते यथावकाश.

भंडाऱ्याहून पवनी ४५ किलोमीटरांच्या आसपास. पहेला, अड्याळ करीत रस्ता दक्षिणेला जातो. धान कापून झालेले होते. शेताशेतांत पुंजणे रचलेले, हवेत पेंढ्याचा गोडसर वास. मावशी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या आणि दर तलावाला कोणाचा तलाव ते विचारीत होत्या. या मुलखातले जुने तलाव पुष्कळसे कोहळी लोकांनी बांधलेले आणि मालगुजारांनी सांभाळलेले. हा जिल्हा मध्यप्रदेशात होता तेव्हा, १९५० च्या कायद्याने, मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आजही त्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात. मामा म्हणजे कोणी नातेवाईक नव्हे, तर 'माजी मालगुजारी'. अशाच एका तलावापाशी चहाला थांबलो असताना मावशींनी सांगितले, की त्यांचे वडील दरसाल पावसाळ्याआधी तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे जुन्या पद्धतीचे दार, गरज असो-नसो उघडून पाहायला लावीत. 'नाही तर ऐन वेळी गाळात रुतून बसते मेले. मग दहा माणसे लागली तरी हलत नाही.' मी मान डोलावली आणि चहा संपवला. माझ्याच मोटारीत तसे एक तुडूम दोन वर्षे रुतून बसले आहे, हे त्या वेळी मनात आले असते तर!

पवनीत शिरताना पुराणा तट आणि खंदक दिसतो. तटाच्या दरवाज्याला आता जवाहर दरवाजा म्हणतात. गाव उंचावर, नदी खाली. देवळे इतकी, की मोजायला बसलो असतो तर तांबे मोजण्याइतकाच वेळ गेला असता. गल्ली वळली, डाव्या हाताला एक मोठा पिंपळ आला, आणि समोर एकदम नदी. रस्ता तिथून पायऱ्यांच्या तोंडापर्यंत उतरत जातो. उतार फार नाही. सायकलवाला पायडल न मारता जाईल, इतकाच. मी पिंपळाच्या पुढे गाडी उभी केली, सवयीने पहिल्या गिअरमध्ये टाकली, शोभेपुरता हातब्रेक ओढला, आणि सौभाग्यवतीसह 'पुढे जागा कशी आहे' ते पाहायला उतरलो. मावशी मागच्या सीटवर डोळे मिटून, हात जोडून. नातू पुढच्या सीटवर.

मी पंधरा पावले गेलो असेन. मागून आवाज आला नाही. आला असता तर बरे. नुसते वाटले, की काहीतरी हलते आहे. वळून पाहतो तो मोटार माझ्या दिशेने येत होती. अगदी सावकाश, लग्नातल्या वरातीसारखी. स्टिअरिंगमागे नातू, तोंडावर अजून हसू. त्याने बापाचे पाहून शिकल्याप्रमाणे क्लच दाबून गिअर 'सोडवून' पाहिला होता. गिअर सुटला, आणि सुटल्यावर गाडीला धरून ठेवणारे जगात काही राहिले नाही. पायब्रेकपर्यंत त्याचा पाय पोचत नव्हता. हातब्रेक ओढलेला होताच. दांडी मोठ्या रुबाबात वर उभी होती.

मी समोरून जाऊन बॉनेटला दोन्ही हात लावले. हा शुद्ध मूर्खपणा. आठ मणांहून कितीतरी जास्त लोखंड साठीच्या माणसाच्या हातांनी थांबत नाही. मी फक्त तिच्याबरोबर उलट्या पावलांनी चालू लागलो. सौभाग्यवती ओरडली. तेवढ्यात पिंपळाच्या पारावर बसलेला एक म्हातारा उठला. धावला वगैरे नाही, नुसता उठला. पाराच्या कडेचा एक हातभर गोटा त्याने पायाने लोटला तो नेमका पुढच्या चाकाखाली. मोटार त्याच्यावर चढू लागली, थबकली, मागे आली आणि थांबली. त्याने दुसरा गोटा दुसऱ्या चाकाला लावला. पहिली पायरी तिथून दहा हातांवर होती. पायऱ्यांवर दोन बायका धुणे धूत होत्या. त्यांनी वर पाहिलेसुद्धा नाही.

'अजी भाऊ,' म्हातारा मला म्हणाला, 'उतारावर गाडी सोडून चालले, न् गोटा नाही लावला?'

मावशींनी डोळे उघडले. घडले ते त्यांना अर्धेच कळले असावे. त्या म्हणाल्या, 'जावईबापू, उटी दिली नव्हती का? आमचे बाबा बैल सोडायच्या आधी उटी द्यायचे चाकाला.'

उटी! हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. गाडीचे चाक गडगडू नये म्हणून त्याखाली सारायचा दगड किंवा ठोकळा. नातवाला मी रागावलो नाही. रागवायचे कोणावर ते मला पक्के ठाऊक होते. गुडघे लटपटत होते म्हणून मी त्या म्हाताऱ्याशेजारी पारावर बसलो. त्याने चंचीतून सुपारी काढून दिली. ती मी मुकाट्याने खाल्ली.

एस. टी. स्टँडजवळ एक मिस्त्री असल्याचे त्यानेच सांगितले. दुकान मुख्यतः मोटारसायकलींचे. पण माणूस अनेक वर्षे ट्रकवर काम केलेला. चाळिशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा. गाडी त्याने आधी सपाटीवर घ्यायला लावली. मग जे केले ते मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण वाचकांपैकी अनेकांच्या दारात असलीच एखादी वृद्धा उभी असेल.

त्याने हत्यार काढले नाही. आधी दांडी ओढली, आणि कट्ट मोजले. अकरा. 'किती पायजे?' मी विचारले. 'पाच-सहात घट्ट झाली पायजे जी. लय वर येते म्हणजे कुठेतरी ढील हाय. कुठे, ते पाहू.' मी लगेच सांगितले, की दांडीच्या मागे नट असतो, तो आवळला की होईल. नागपुरात दोनदा आवळला आहे. त्याने माझ्याकडे डॉक्टर रोग्याकडे पाहतो तसे पाहिले. 'म्हनूनच बिघडला,' तो म्हणाला.

पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, मग मागचे चाक जॅकवर उचलले. (हातब्रेक तपासताना हातब्रेकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नये, हे उघड आहे. तरीही लोक जातात.) दांडी ओढून ठेवली आणि मला म्हणाला, 'फिरवा चाक.' डावे चाक फिरले! अगदी मोकळे. मग उजवे उचलले. ते मात्र कुरकुरत का होईना, धरत होते. दोन बैलांपैकी एकच ओढत होता.

इथे थोडी यंत्राची ओळख करून देतो. माझ्या मोटारीच्या मागच्या चाकांत परातीसारखे लोखंडी ड्रम आहेत. ड्रमच्या आत दोन अर्धगोल 'शू', म्हणजे अस्तर लावलेल्या पट्ट्या. त्या बाहेर फाकल्या की ड्रमला घासतात आणि चाक थांबते. फ्रान्सच्या लुई रेनोने ही रचना १९०२ साली मोटारीला लावली. पायब्रेक या पट्ट्यांना तेलाच्या दाबाने फाकवतो. हातब्रेक त्याच पट्ट्यांना तारेने ओढून फाकवतो. ही तार एका नळीतून जाते, सायकलच्या ब्रेकची जाते तशी. म्हणजे एकाच ड्रमला दोन वेगवेगळे मालक. तेल गेले तरी तार राहावी, यासाठी ही योजना. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही मोटारीला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक मागितले आहेत, एक पायाचा आणि एक उभे राहण्याचा. मी दोन वर्षे एकावर चालवीत होतो.

डाव्या बाजूचा ड्रम उघडला. मिस्त्रीने आतली धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपून घेतली. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचे. ती धूळ छातीत गेली तर बाहेर पडत नाही. मोठमोठ्या गॅरेजांत हवेचा फवारा मारताना मी पाहिले आहे. पवनीतल्या या माणसाकडे ओले फडके होते.

शू चांगले होते, जवळजवळ कोरे. तेलही कुठे पाझरत नव्हते. तसे असते तर अस्तर बुळबुळीत होऊन ब्रेक धरत नाही, आणि मग तार बदलून काही उपयोग नाही. मग तो खाली सरपटला आणि तारेची नळी बोटांनी चाचपत गेला. चाकाजवळच्या वळणावर थांबला. नळीचे वरचे रबर तिथे चिरले होते. 'हे पाहा.' त्या चिरेतून दर पावसाळ्यात पाणी आत गेले, आत गंज धरला, आणि तार नळीतच जाम झाली. मी हातब्रेक रोज वापरला असता, तर तार रोज हलली असती आणि इतक्या लवकर कदाचित जाम झाली नसती. जाम झालीच असती तरी मला पहिल्या आठवड्यात कळले असते.

आता नागपुरी आवळण्याचे गणित. डावी तार जाम, तेव्हा दांडीचा सगळा ताण उजवीवर. नट आवळला की उजवे शू ड्रमला कायमचे टेकून राहिले. गाडी चालताना ते घासत गेले, झिजले. झिजल्यावर पुन्हा ढील. पुन्हा आवळले, पुन्हा घासले. मध्यंतरी पेट्रोल जास्त लागते म्हणून मी तक्रार करीत होतो, आणि सौभाग्यवतीला काहीतरी जळल्याचा वास यायचा. तो वास मी तिच्या नाकाच्या खाती जमा केला होता. उजवा ड्रम उघडला तेव्हा आतले शू काड्यांच्या पेटीच्या कडेइतके उरले होते. 'आधी शू, मग तार,' मिस्त्री म्हणाला. म्हणजे आधी चाकातल्या शूंचे अंतर नीट करायचे, आणि तारेचा नट अगदी शेवटी, तोही बेताने. झिजलेल्या शूंची उणीव तार आवळून भरून काढायची नाही.

तार पवनीत मिळेना. त्याने भंडाऱ्याला फोन केला, संध्याकाळच्या एस. टी.ने तार आणि शू येतील असे ठरले. आम्ही मुक्काम केला. मावशींच्या माहेरच्या भाऊबंदांपैकी एक घर अजून होते. तिथे चिन्नोरचा भात आणि वांग्याची भाजी झाली, आणि रात्री बारापर्यंत कोणाचे कोण गेले याची उजळणी.

दुपारी मी नातवाला घेऊन जगन्नाथ टेकडी पाहून आलो. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून इथे उत्खनन केले, तेव्हा मोठा बौद्ध स्तूप निघाला. ख्रिस्तपूर्व काळातला. कोरीव खांब सापडले. एकावर बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग, आणि शेजारी त्याचे नावही कोरलेले. आज टेकडीवर पाहायला फारसे काही उरलेले नाही. गवत आणि वारा. नातू सकाळपासून गप्प होता. तिथे तो एकदम म्हणाला, 'आजोबा, पणजीआजी पाण्यात गेली असती का?' मी म्हटले, 'हो.' आणखी काय सांगणार? 'पण चूक तुझी नाही. गिअर हा धरायसाठी नसतो. धरायसाठी हातब्रेक असतो, आणि तो मी दुरुस्त केला नव्हता.' त्याने थोडा विचार करून विचारले, 'मग आजी सांगत होती ते खरं?' यावर मी उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास काम झाले. नवी तार, दोन्ही बाजूंचे नवे शू. डावे जवळजवळ कोरे होते तरी बदलले, कारण एक बाजू नवी आणि एक जुनी असली की धरण्यात फरक पडतो. चाक हाताने फिरवताना किंचित घासल्याचा आवाज येईपर्यंत शू बाहेर घेतले, मग थोडे मागे. नंतर तारेचा नट. कट्ट मोजले, सहा. खाली सोडल्यावर दोन्ही मागची चाके मोकळी फिरतात की नाही तेही पाहिले. मग मिस्त्री म्हणाला, 'चला, घाटावर.' परीक्षा त्याला त्याच उतारावर घ्यायची होती. पण या वेळी गाडीत फक्त मी, आणि गोटे आधीच चाकापुढे हातभर अंतरावर मांडलेले. गिअर काढला, हातब्रेक ओढला, पाय हळूहळू वर घेतला. गाडी उभी. तो मागून जाऊन ढकलू लागला. गाडी उभी. पारावरचा म्हातारा आजही तिथेच होता. त्याने मान हलवली, 'आता बसली.'

मिस्त्रीने मजुरी सांगितली ती ऐकून मला संकोच वाटला. वर त्याने एक ताकीद दिली. रोज वापरा, पण पावसाळ्यात गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी हातब्रेक ओढून ठेवू नका, ओले शू ड्रमला चिकटून बसतात. तेव्हा गिअर, आणि चाकाला गोटा.

मग मावशींना आणले. गाडी त्याच जागी, पण आता पुढची चाके बाजूच्या दगडी कठड्याकडे वळवलेली, उताराकडे तोंड म्हणून रिव्हर्स गिअर घातलेला, हातब्रेक सहा कट्टांवर. आणि तरीही मावशींनी काच खाली करून फर्मावले, 'उटी द्या.' नातवाने दोन्ही गोटे उचलून आणून लावले. मी काही म्हटले नाही.

नदीला पाणी संथ होते. वरच्या अंगाला काही कोसांवर गोसीखुर्दचे धरण आहे. १९८८ साली राजीव गांधींनी पायाभरणी केलेले, तेहतीस दरवाज्यांचे. मावशींच्या लहानपणी नव्हते. 'तेव्हा आवाज असायचा गंगेला,' एवढेच त्या म्हणाल्या. नातू भंडाऱ्याचा तांब्या घेऊन पायऱ्या उतरला, भरून घेऊन आला. मावशींनी गाडीत बसल्या-बसल्या ते पाणी डोळ्यांना लावले, थोडे पदराने पायांना लावले, उरलेले दारातून हात बाहेर काढून मातीवर सोडले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

'चला जावईबापू,' मग त्या म्हणाल्या, 'सोडा आता तुमचा तो ब्रेक.'

मी आधी पायब्रेकवर पाय ठेवला, इंजिन सुरू केले, आणि नातवाला हाक मारली, 'गोटे काढ रे. आणि काढलेस की बाजूला उभा राहा.'